गड्ड्यातली बाटली: एका वेबकॉमिकमधल्या विसंगतीचं प्रकरण

भाग ९ मध्ये थम्स अप आहे आणि भाग ४१ मध्ये गोटी सोडा. संध्याकाळ तीच, गड्डा यात्रेतला (सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या जत्रेतला) स्टॉल तोच, बाकावर बसलेली माणसंही तीच दोघं. सोलापुरात घडणाऱ्या एका मराठी वेबकॉमिकमधली ही विसंगती आमच्या वाचकगटाने धसाला लावली. कॉमिकचं नाव मुद्दामच देत नाही. कथा अजून चालू आहे आणि नव्याने वाचायला घेणाऱ्याला पुढचं आधीच कळू नये.

कथा तीन पिढ्यांची. तात्या गिरणीत माग चालवणारे, अक्का अक्कलकोटकडच्या, मामा म्हणजे अक्कांचा धाकटा भाऊ, आणि आजच्या काळात जुनी ट्रंक उघडून बसलेली नात. मोबाइलवर वरून खाली सरकत वाचायचं कॉमिक असल्याने एकेक चित्र ऐसपैस उंच असतं. चित्रकार ताई त्या उंचीत बारकावे भरभरून घालतात: भिंतीवरची दिनदर्शिका, बाकाखालच्या चपला, स्टॉलमागचा आकाशपाळणा. म्हणूनच आमच्यासारखे वाचक एकेका चित्रापाशी थांबतात.

आमचा गट रविवारी संध्याकाळी पार्क चौकाजवळच्या एका सोड्याच्या गाडीपाशी जमतो. कॉलेजात शिकणारी एक मुलगी, टॉवेलची डिझाइनं करणारा एक तरुण, एक निवृत्त शिक्षिका, गिरणीत उभी हयात घालवलेले काका आणि मी. कथेची कालरेषा मी लिहून ठेवतो: कोणत्या भागात कोणतं वर्ष, कोण किती वयाचं, कुणाच्या हातात काय. गाडीवाले अण्णा कॉमिक वाचत नाहीत, पण या प्रकरणात त्यांच्याइतकं कामाचं दुसरं कुणी ठरलं नाही.

आता विसंगती नीट मांडतो.

भाग ९: होम मैदानावर गड्डा भरला आहे. स्टॉलच्या खांबाला लटकवलेल्या दिनदर्शिकेवर जानेवारी १९७६ स्पष्ट वाचता येतं. तात्या सुतळीला बांधलेल्या ओपनरने बाटलीचं बिल्लं उडवतात आणि बाटली अक्कांपुढे धरतात. बाटलीवर लाल अंगठा. दोघांचं लग्न अजून ठरायचं आहे.

भाग ४१: नातीला ट्रंकेत एक हिरवी काचेची गोटी सापडते. ती विचारते, तात्या सांगू लागतात आणि चित्र पुन्हा त्याच संध्याकाळी जातं. इथे अक्का स्वतःच्या अंगठ्याने गोटी आत ढकलतात, फेस उसळून पदरावर येतो. गोटी ट्रंकेत कशी आली, हे तात्या सांगत नाहीत. नातही विचारत नाही.

भाग ४१ आला त्याच आठवड्यात गटात तीन तट पडले. एकाचं म्हणणं, चूक झाली आहे, ताईंनी भाग ९ ची बाटली पुसून दुसरी काढावी. दुसऱ्याचं म्हणणं, दोन बाटल्या होत्या, आधी एक प्यायले मग दुसरी, वाद कसला? तिसरा तट कॉलेजच्या मुलीचा, म्हणजे तिच्या एकटीचा. ती म्हणाली, "दोघांपैकी कुणीतरी चुकीचं सांगतंय, आणि ते ताईंना माहीत आहे."

दोन बाटल्यांची तोड आम्ही लवकर बाजूला ठेवली. दोन्ही भागांत तात्या खिशातलं शेवटचं नाणं देताना दाखवले आहेत. ताईंनी ते नाणं इतकं जवळून काढलं आहे की ते विसरून चालत नाही.

पहिला प्रश्न तारखेचा होता, आणि इथे घोळ घालणारी गोष्ट अशी की कोला पेय म्हणून जानेवारी १९७६ ला बसतं, फक्त थम्स अप बसत नाही. कोकाकोला तेव्हा भारतात मिळत होतं. परकीय चलन नियमनाचा कायदा १९७३ चा. त्यातल्या अटींप्रमाणे परदेशी कंपन्यांना इथली भागीदारी चाळीस टक्क्यांवर आणायची होती, आणि कोकाकोलाकडे तर तिचं गुपित सूत्रही मागितलं गेलं. जनता पक्षाचं सरकार आलं, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले आणि १९७७ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. त्या रिकाम्या जागेत पार्लेने थम्स अप आणलं, ते १९७७ मध्येच. सरकारनेही मॉडर्न फूड इंडस्ट्रीजमार्फत ‘डबल सेव्हन’ नावाचा कोला काढून पाहिला, आणि आधी कोकाकोला भरणाऱ्या प्युअर ड्रिंक्सचा कॅम्पा कोला पुढे आला. थोडक्यात, तात्यांच्या हातातली लाल अंगठ्याची बाटली दिनदर्शिकेपेक्षा तरुण आहे.

हे कळल्यावर डिझाइनवाल्या तरुणाने सोपा उपाय सुचवला: लेबल बदला. गोल्ड स्पॉट तेव्हा होतंच, नारंगी रंग चित्रात खुलूनही दिसेल. नाहीतर वर्ष बदला, १९७८ करा. वर्षाची सूचना मी ठामपणे मोडून काढली. भाग १६ ते २२ आणीबाणीत घडतात. संपाची बंदी आणि रात्री चाळीत येणारे पोलीस हा त्या भागांचा कणा आहे. तिथे तात्या आणि अक्का नवराबायको आहेत. गड्ड्यातली भेट दोन वर्षं पुढे ढकलली तर आणीबाणीच्या वेळी दोघांची ओळखही झालेली नसेल. एका बाटलीसाठी सात भाग मोडणं मला पटणारं नव्हतं.

याच बैठकीत काकांनी छाती ठोकून सांगितलं, "अरे, माझ्या लग्नात थम्स अप होतं की! पाव्हण्यांना वाटलंय मी ह्या हातानं." काकांचं लग्न १९७४ चं. मुलीने तारखा सांगितल्या तेव्हा काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ते धाकट्या भावाच्या लग्नात असेल, ८३ साली, वर्ल्ड कप जिंकला त्या साली. माझ्या लग्नात जेवण झाल्यावर गोटी सोडाच फिरवला होता, लाकडी पेटीतून. बोलताबोलता त्यांना पेटीचे कप्पेसुद्धा आठवले.

मला वाटतं, प्रकरणाची किल्ली इथे सापडली, जरी आम्हाला ते नंतर उमगलं. काका खोटं बोलत नव्हते. थम्स अप पुढची पंधरा-सोळा वर्षं लग्नात, एसटी स्टँडवर, क्रिकेटच्या मॅचला इतकं डोळ्यासमोर राहिलं की ते मागे सरकत सरकत त्यांच्या स्वतःच्या मांडवात जाऊन बसलं. वर्ष पक्कं राहिलं, बाटली बदलली.

दुसरा प्रश्न गोटीचा. त्यासाठी अण्णांकडे वळलो.

गोटीच्या बाटलीची रचना हायरम कॉड नावाच्या इंग्रज अभियंत्याची, १८७२ च्या पेटंटची. बाटली घडवतानाच गोटी आत टाकतात आणि मग तोंड आवळतात. तोंडाच्या आतल्या खाचेत रबरी कडं असतं. सोडा भरताना बाटली उलटी होते, गोटी गळ्याकडे येते आणि आतल्या वायूचा दाब तिला त्या कड्यावर घट्ट दाबून धरतो. बूच लागत नाही, ओपनर लागत नाही. पेयाचा स्वतःचाच दाब बाटली बंद ठेवतो. अंगठ्याने किंवा लाकडी खुंटीने गोटी खाली ढकलली की दाब सुटतो, मोठा आवाज होतो आणि गोटी गळ्याखालच्या चिमटीत अडकून राहते. दिल्लीकडे हिलाच बंटा म्हणतात. सोलापुरात तेलुगू आणि कानडी बोलणाऱ्या घरांमध्ये गोली सोडा म्हटलं की लगेच समजतं.

अण्णांनी एक रिकामी बाटली आमच्या हातात दिली. गळ्याच्या एका बाजूला आतून उठलेले दोन फुगवटे बोटाला लागतात. पिताना ती बाजू खाली धरायची, म्हणजे गोटी त्या दोन टेकूंवर अडून बसते आणि सोडा मोकळा वाहतो. बाटली उलट्या बाजूने धरली तर गोटी घरंगळत तोंडाशी येते आणि घोट अडतो. शिक्षिकाबाईंनी पाणी भरून दोन्ही बाजूंनी धरून पाहिलं. मग मुलीने मोबाइलवर भाग ४१ चं चित्र अण्णांपुढे धरलं.

अण्णांनी चित्र बघितलं आणि लगेच म्हणाले, "ह्या पोरीनं उलटी धरलीय. पयल्यांदा पितीय, होतंय असं. पण खालच्या चित्रात ह्यो गडी पण उलटीच धरून बसलाय. ह्यो तर सोड्याच्या गाडीवर काम केलेला म्हणालात ना?"

म्हणालो होतो. भाग ५ मध्ये लहानपणीचे तात्या चाटी गल्लीत सोड्याच्या गाडीवर बाटल्या विसळताना दिसतात. मग विचारलं, गोटी बाटलीतून काढता येते का? अण्णा म्हणाले, "बाटली फोडाय लागतीय. दुसरा रस्ता न्हाई."

त्या एका वाक्याने सगळी मांडणी बदलली. ट्रंकेतली गोटी म्हणजे फुटलेली बाटली. फुटलेली बाटली म्हणजे काच, आणि काच म्हणजे जखम असू शकते. मी कालरेषेची वही उघडली. भाग १४, पगाराच्या पावतीवर फेब्रुवारी १९७६, तात्या मागावर उभे, उजव्या तळहाताला पट्टी. हातामुळे काम मंदावलं म्हणून जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, ओरडतो आहे. ही पट्टी आम्ही सगळ्यांनी गिरणीतला अपघात म्हणून सोडून दिली होती. काकांनी चित्र मोठं करून पाहिलं आणि मान हलवली. धोटा, म्हणजे मागात आडवा धागा नेणारं अवजार, उडून लागला तर कपाळाला, डोळ्याला, बरगडीला लागतो, त्याचा मार मुका किंवा भोकाचा. तळहातावर आडवा काप धोट्याने होत नाही. "ही काच आहे," ते म्हणाले. काकांनी मागावर जखमी झालेली माणसं खांद्यावर उचलून नेली आहेत. त्यांच्या या मताला मी कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त वजन देतो.

तेव्हा सत्तावीस भाग आधी काढलेली पट्टी भाग ४१ च्या गोटीशी जुळते. गोटी सोडा हाच खरा प्रसंग, आणि ताईंना तो भाग १४ काढतानाच ठाऊक होता. मग भाग ९ मधली थम्स अप ही निष्काळजी चूक असण्याची शक्यता बरीच कमी होते. मुलीचं म्हणणं पुन्हा समोर आलं: कुणीतरी चुकीचं सांगतंय.

कोण सांगतंय, हे चित्रांच्या चौकटीत लिहिलेलंच होतं. या कॉमिकमध्ये कथन करणाऱ्याचा मजकूर रंगीत पट्टीत येतो. तात्यांची पट्टी निळी, नातीची पांढरी. भाग ९ ची पिवळी. पिवळी पट्टी मामांची आहे, हे भाग ८ च्या शेवटी कळतं: १९९४ सालचं लग्नघर, मामा पोरांना गोळा करून बसले आहेत, "तात्यानं अक्काला कसं पटवलं, ऐका." म्हणजे भाग ९ ही १९९४ मध्ये मामांनी सांगितलेली गोष्ट आहे. १९७६ मध्ये मामा आठ वर्षांचे होते.

इथे आमच्यात खरा वाद झाला आणि तो मला या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. शिक्षिकाबाईंचा मुद्दा असा: पट्टीतले शब्द मामांचे आहेत हे मान्य, पण चित्र कुणाचं? पट्टीत मामा कुठेही "थम्स अप" म्हणत नाहीत. ते फक्त "बाटली" म्हणतात. लाल अंगठा चित्रात आहे, आणि चित्र तर ताईंचं. त्याच चित्रात दिनदर्शिका अचूक आहे. एकाच चित्रातली दिनदर्शिका खरी धरायची आणि बाटली खोटी, हे कोणत्या न्यायाने?

कादंबरीत हा प्रश्न येत नाही, कारण तिथे साक्षीदार एकच, शब्द. कॉमिकमध्ये शब्द आणि चित्र हे दोन साक्षीदार असतात. बहुतेक वेळा ते एकमेकांना दुजोरा देतात, म्हणून वाचक त्यांना एकच समजून वाचत जातो. जेव्हा कुणाची आठवण चित्रात उतरते तेव्हा चित्रानेही त्याच माणसाच्या डोळ्यांनी बघायचं, की चित्राने वस्तुस्थिती सांगायची, हे त्या त्या कॉमिकने ठरवून पाळायचं असतं. कधी असं कधी तसं केलं तर वाचकाला पुराव्यांचा काही उपयोगच राहत नाही. मग मी पिवळ्या पट्टीचे सगळे भाग पुन्हा काढून पाहिले. त्या प्रत्येकात काहीतरी मामांच्या बाजूने झुकलेलं आहे: मामा लहान असूनही मोठ्यांच्या बरोबरीने उंच दिसतात, तात्या जरा जास्तच देखणे. पिवळ्या पट्टीखाली चित्रसुद्धा मामांचंच असतं. दिनदर्शिका बरोबर असण्याचं कारण काकांनी स्वतःच्या अनुभवावरून सांगितलं. बहिणीचं लग्न ठरलं ते साल माणूस विसरत नाही. हातात बाटली कोणती होती, ते पुढच्या वर्षांनी बदलून टाकलं.

शिक्षिकाबाईंना हे पूर्ण पटलं नाही. वाचकाने लेखकाची वकिली करू नये, असं त्यांचं मत आहे, आणि ते ऐकून घेण्यासारखं आहे. मार्व्हल कॉमिक्समध्ये स्टॅन ली यांनी १९६० च्या दशकात ‘नो-प्राइझ’ सुरू केलं. चूक दिसली तरी ती चूक कशी नाही, हे पटवून देणाऱ्या वाचकाला पुढे पुढे ते मिळू लागलं, आणि बक्षीस म्हणजे एक रिकामा लिफाफा. वाचकांना त्याचं अतोनात अप्रूप होतं. बाईंची भीती अशी की या खेळाची गोडी लागली की प्रत्येक गलथानपणाला वाचकच कारण शोधून देतो आणि लेखक सुस्तावतो. माझी कसोटी त्यासाठीच कडक आहे. वाचकाने दिलेलं कारण कॉमिकमध्ये आधीपासून काढून ठेवलेलं असलं पाहिजे. पिवळी पट्टी होती, तळहाताची पट्टी होती, मामांचं वय होतं. यातलं एक जरी आम्हाला बाहेरून आणावं लागलं असतं, तर मी चूक म्हणूनच नोंद केली असती.

हे सगळं आम्ही ताईंना कळवलं: तारखा, बाटलीची रचना, धोट्याबद्दल काकांचं मत, आणि बाटली धरण्याबद्दलचा अण्णांचा आक्षेप. बाईंचा विरोधही त्यांच्याच शब्दांत पाठवला. ताईंनी दोन गोष्टी केल्या आणि दोन्हींत फरक ठेवला.

तात्यांनी बाटली उलटी धरली आहे, ही चित्रातली चूक त्यांनी मान्य केली. भाग ४१ मधलं ते एक चित्र नव्याने काढलं. आता फुगवट्यांची बाजू खाली आहे, अक्कांची मात्र अजून वर, कारण त्या पहिल्यांदा पीत आहेत. भागाच्या तळाशी कोणतं चित्र कधी आणि का बदललं, हे दोन ओळींत लिहिलं. या दोन ओळींचं महत्त्व मला फार वाटतं. छापलेल्या कॉमिकचं पान एकदा घरी आलं की कुणी बदलू शकत नाही. वेबकॉमिकचं चित्र रातोरात बदलता येतं, आणि काल वाचलेलं खरं होतं की आपल्यालाच भास झाला, असं वाचकाला वाटत राहतं. गुपचूप केलेली दुरुस्ती चुकीपेक्षा वाईट, असं माझं मत आहे. डिझाइनवाल्या तरुणाला ते पटत नाही. तो म्हणतो, नव्या वाचकाला चांगलं चित्र मिळालं की झालं.

भाग ९ ला त्यांनी हात लावला नाही. त्याऐवजी भाग ४३ मध्ये नात मामांना विचारते, "मामाआजोबा, तेव्हा थम्स अप कुठलं?" मामा आधी चिडतात, मग बोटांवर वर्षं मोजू लागतात. अक्का भाजी निवडता निवडता म्हणतात, "तू होतास कुठं रे तिथं? पाळण्यात बसलावतास, उतरायचं नाव घेईनास."

आम्ही लगेच भाग ९ उघडला. स्टॉलच्या मागे आकाशपाळणा आहे. वरच्या पाळण्यात एक लहान मुलगा, दोन्ही हात वर केलेला. त्याचा सदरा पिवळा.

बाटली कशी फुटली, कुणी फोडली, हे अजून कथेत आलेलं नाही. सोड्याच्या बाटल्या भांडणात फेकल्या जायच्या हे काकांनी पाहिलं आहे, त्यामुळे त्यांना मारामारीचा संशय आहे. अण्णांच्या मते जास्त भरलेली बाटली उन्हात राहिली तर हातातच फुटते. मी दोन्ही शक्यता वहीत लिहिल्या आहेत आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवलं आहे.

सध्या ताईंना १९९४ चं लग्नघर पुन्हा काढायचं आहे, या वेळी नातीच्या आईच्या बाजूने, आणि पंगतीनंतर कोणत्या बाटल्या फिरवायच्या ते ठरवायचं आहे. हे वर्ष नाजूक आहे. पेप्सी १९९० पासून बाजारात, कोकाकोला १९९३ च्या ऑक्टोबरात आग्र्यापासून सुरुवात करून भारतात परतलेलं, त्याच वर्षी त्या कंपनीने पार्लेकडून थम्स अप, लिम्का आणि गोल्ड स्पॉट विकत घेतलेले. मामांच्या तोंडून सांगायचं असतं तर काहीही चाललं असतं. आईची पट्टी कोणत्या रंगाची, ते ताईंनी अजून सांगितलेलं नाही, म्हणून आम्ही वस्तुस्थितीच गोळा करतो आहोत. काकांनी त्या सुमाराच्या तीन लग्नांचे अल्बम आणायचं कबूल केलं आहे.